केडगावची आग आणि डॉक्टरची चिठ्ठी

रविवारी सकाळी नाशिकच्या इंदिरानगरमधली ख्रिस्ती कुटुंबे शहरभर पांगतात. कुणी महामार्ग ओलांडून शरणपूरला जातात, कुणी होली क्रॉस चर्चला, कुणी नाशिकरोडच्या बाळ येशूला. काही कुटुंबे यांपैकी कुठेच जात नाहीत. भाड्याच्या हॉलमध्ये किंवा एखाद्याच्या दिवाणखान्यात सतरंज्या अंथरून ती जमतात, ढोलकी आणि कीबोर्डवर गीते म्हणतात, साक्षी देतात, आणि मग आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू होते. कुणाला मणक्याचे दुखणे असते, कुणाला साखर, कुणाच्या मुलाला फिट येतात. बायबल सगळ्यांचे एकच. पण त्यातल्या एका प्रश्नावर ही कुटुंबे एकमेकांपासून फार दूर आहेत. येशूच्या पहिल्या शिष्यांना जी अद्भुत दाने मिळाली असे बायबल सांगते, ती आजच्या ख्रिस्ती माणसालाही मिळतात का?

या दानांची यादी पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. ज्ञानाचे आणि विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, अद्भुत कार्ये, संदेश देणे, आत्मे ओळखणे, न शिकलेल्या भाषांत बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे, अशी नऊ कृपादाने. पुढच्याच अध्यायात, प्रेमाची थोरवी सांगताना, पौल म्हणतो की संदेश संपतील आणि भाषा थांबतील. थांबतील, पण कधी? सगळा वाद या एका मुद्द्यावर उभा आहे.

प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ साली ‘काउंटरफीट मिरॅकल्स’ या पुस्तकात ठाम बाजू घेतली. प्रेषितांचा अधिकार लोकांना पटावा म्हणून ही दाने दिली गेली होती, प्रेषित गेले तेव्हा त्यांचे काम संपले आणि दानेही संपली, असे त्यांचे म्हणणे. जुन्या मिशनांच्या परंपरेतले अनेक मराठी पाळक आजही साधारण असेच मानतात. दुसऱ्या बाजूला पेंटेकोस्टल आणि कॅरिस्मॅटिक मंडळी आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०११ च्या अहवालात त्यांची जगभरातली संख्या सुमारे ५८ कोटी धरली आहे, म्हणजे दर चार ख्रिस्ती माणसांमागे एकाहून थोडी जास्त. त्यांच्या लेखी पवित्र आत्म्याने आपले काम कधीच थांबवलेले नाही.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास, एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या छोट्या समाजाच्या घरातला हा वाद इतरांनी का ऐकावा? कारण आजार सगळ्यांनाच होतो, आणि चंगाई सभेच्या, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना होणाऱ्या सभेच्या, मांडवात बसलेली माणसे सगळी ख्रिस्ती नसतात. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला इतर धर्मांचे लोकही नवस बोलायला आणि फेडायला येतात. कॅथलिक परंपरेतली ती यात्रा आणि पेंटेकोस्टल मंडळींची सभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हीकडे येणाऱ्याच्या मनातली आशा तीच असते.

दाने आजही मिळतात की नाही, याचा निकाल वर्तमानपत्राच्या पानावर लागणार नाही. ज्याचा निकाल लागू शकतो आणि लागायला हवा, तो प्रश्न वेगळा आहे. दान मिळाले असे म्हणणाऱ्याने वागावे कसे? आणि या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजाला अमेरिकेकडे किंवा कोरियाकडे पाहण्याची गरज नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या केडगावला, १९०५ साली, हा सगळा प्रकार घडून गेलेला आहे.

पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेव्हा हजाराहून अधिक मुली-स्त्रियांचे घर होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून वाचवून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका. वेल्समध्ये १९०४ साली मोठी धर्मजागृती झाली होती. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी विचारले, रोज खास प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी उभ्या राहिल्या. जूनपर्यंत हा आकडा पाचशेवर गेला.

२९ जूनच्या पहाटे, साडेतीनच्या सुमाराला, वसतिगृहात एक मुलगी जागी झाली ती अंगात आग भरल्यासारखी. तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून तिच्यावर देखरेख करणारी बाई पाण्याची बादली आणायला धावली, आणि पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आले की मुलगी जळत नाही. ही हकीकत रमाबाईंच्या सहकारी, अमेरिकन मिशनरी मिनी एब्रॅम्स यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानावर शांतपणे शिकवत असताना सगळ्या मुली एकाच वेळी रडू लागल्या, मोठ्याने पापांची कबुली देऊ लागल्या. शाळेचे नेहमीचे वर्ग बंद पडले. पुढे १९०६ च्या अखेरीस न शिकलेल्या भाषांत प्रार्थना झाल्याच्याही नोंदी आहेत. लॉस एंजेलिसमधली अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध सभा, जिला जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीचे उगमस्थान म्हटले जाते, ती एप्रिल १९०६ ची. म्हणजे केडगावची जागृती तिच्याही आधीची. ॲलन अँडरसन यांच्यासारखे इतिहासकार आता हे आवर्जून सांगतात, आणि मराठी माणसाला ते ठाऊक असायला हवे.

त्या नोंदींकडे डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. दौंडला मुलांचा अनाथाश्रम चालवणारे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी लिहिले की इंग्रजी येत नसलेली मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना त्यांनी ऐकली. नॉर्टन खोटे बोलत होते असे मानायला काहीच आधार नाही. पण मुक्ती मिशनमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या बाया राहत होत्या, त्यांच्या प्रार्थना त्या मुलींच्या कानावर वर्षानुवर्षे पडत होत्या, आणि ऐकलेले शब्द भावनेच्या भरात ओठांवर येऊ शकतात, हेही ध्यानात घ्यायला हवे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी १९७२ च्या पुस्तकात अशा प्रार्थनांचा बारकाईने अभ्यास मांडला. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतलेच ध्वनी त्यात नव्या जुळणीने येतात, शब्द आणि व्याकरण असलेली भाषा त्यात सापडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. असे बोलणारी माणसे वेडी किंवा ढोंगी असतात, असे मात्र ते म्हणाले नाहीत. अशी प्रार्थना करणाऱ्याला तीत खरी शांती मिळते, आणि ती कुणी हिरावून घेऊ नये.

केडगावच्या ज्वाळा आणि भाषा एक वेळ बाजूला ठेवल्या तरी त्या काळातले रमाबाईंचे वागणे बाजूला ठेवता येत नाही. त्या स्वतः अन्य भाषांत कधी बोलल्या नाहीत. ज्यांच्या संस्थेत शेकडो जणींना हा अनुभव आला, त्या संस्थेच्या प्रमुखालाच तो आला नाही, आणि त्यांनी तो आल्याचे सोंग केले नाही. भाषा बोलली म्हणजेच आत्मा मिळाला, असा नियमही त्यांनी लावला नाही. अनेक गोरे मिशनरी केडगावच्या रडण्या-ओरडण्यावर नाराज होते. रमाबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितले की भारतीय माणसे देवाला आपल्या स्वभावाप्रमाणे हाक मारतील, पाश्चात्त्य शिस्तीचे माप त्यांना लावू नये. मुलींच्या बाजूने त्या ठाम उभ्या राहिल्या. पण त्या मुलींना त्यांनी तमाशाचा विषय होऊ दिले नाही. जागृतीनंतर शेकडो जणींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सेवेला आणि उपदेशाला जाऊ लागल्या. छापखाना, शेती, विणकाम, शिवणकाम, आजाऱ्यांची शुश्रूषा, सगळे चालू राहिले.

रमाबाईंना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. चमत्काराची वाट पाहण्याची किंमत त्यांनी घरात मोजली होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने होते नव्हते ते दानधर्म, अनुष्ठाने आणि तीर्थयात्रांत घातले. देव प्रसन्न होईल, धन देईल या आशेने. उपाशीपोटी जंगलात पाला खायची वेळ आली. आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. १९०७ साली, म्हणजे केडगावच्या जागृतीच्या ऐन काळात, त्यांनी आपल्या साक्षीत हे सगळे लिहिले. त्यांचे ऐकणेही अधू होते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इराद्याने, आणि कानांच्या दोषामुळे तो बेत मोडला. केडगावला प्रार्थनेचे एवढे वादळ उठले, पण आपले कान बरे झाल्याचा दावा रमाबाईंनी केला नाही. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, बायबलचे मराठी भाषांतर पुरे करून रमाबाईही गेल्या. आज ज्यांना कृपादानांची महती गायची आहे त्यांनी या बाईचे चरित्र आधी वाचावे. तिचा विश्वास त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

केडगावचा धागा फार लांब गेला. मिनी एब्रॅम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वाल्पाराइसो शहरात राहणाऱ्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे लुईझ हूवर यांना पाठवली. त्यांचे पती विलिस हूवर मेथडिस्ट पाळक होते. ती पुस्तिका वाचून त्यांच्या मंडळीत प्रार्थना सुरू झाल्या, १९०९ साली तिथेही तसेच वादळ उठले, आणि त्यातून चिलीची पेंटेकोस्टल मेथडिस्ट मंडळी जन्मली. आज त्या देशातल्या प्रोटेस्टंटांमध्ये पेंटेकोस्टलांचेच बहुमत आहे. दौंड तालुक्यातल्या दुष्काळग्रस्त मुलींच्या प्रार्थनेतून दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाचा धार्मिक नकाशा बदलला, ही गोष्ट आपल्या शाळांत शिकवली जात नाही याची खंत वाटते.

नाशिकशी नाते असलेला एक प्रसंगही आहे, संदेशाच्या दानाचा म्हणता येईल असा. कवी नारायण वामन टिळक संस्कृत शिकले ते नाशिकमध्ये, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९३ मध्ये टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले असताना डब्यात एक अनोळखी परदेशी गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. श्रद्धाळू माणूस म्हणेल, भाकीत खरे ठरले. संशयी माणूस म्हणेल, ज्याच्या हातात पुस्तक दिले त्याच्या डोळ्यांतली ओढ त्या गृहस्थांना दिसली असेल. दोघांनीही एक गोष्ट विसरू नये. भाकीत ऐकून टिळक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी ते पुस्तक वाचले, डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले, शंका काढल्या, पत्रे लिहून उत्तरे मागितली, आणि मग घरदार दुरावणार हे माहीत असताना पाऊल टाकले. त्या प्रवाशाने त्यांच्याकडून ना पैसा घेतला, ना नाव मिळवले.  एखाद्याने संदेश देण्याचा दावा करावा तर असा करावा.

मराठी मनाला हा विवेक नवा नाही. चौदाशे वर्षांच्या सिद्धी गाठीशी बांधून, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव ज्ञानेश्वरांना भेटायला आले, ही कथा घराघरात सांगितली जाते. त्या कथेत मान कुणाला मिळतो? सिद्धींना नाही. कोरे पत्र पाहून चांगदेव अजून कोराच आहे असे म्हणणाऱ्या छोट्या मुक्ताबाईला मिळतो. निवृत्तिनाथांची समाधी असलेले त्र्यंबक इंदिरानगरपासून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या वारकऱ्याने चमत्काराला नमस्कार जरूर केला, पण डोक्यावर घेतली ती ज्ञानेश्वरी.

बायबलही खरे तर हेच सांगते, आणि चंगाई सभेत नेमकी हीच पाने उघडली जात नाहीत. ज्या पौलाने दानांची यादी दिली त्याच्याच देहात एक काटा होता. तो जावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली आणि काटा राहिला. आपला लाडका तीमथ्य पोटाच्या दुखण्याने वरचेवर आजारी पडतो, त्याला पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्रफिम नावाच्या सोबत्याला तो मिलेत गावी आजारीच ठेवून पुढे निघाला. त्याच्या सोबत्यांत लूक होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. दाने भरभरून वाहत होती असे ज्या काळाविषयी सांगितले जाते, त्या काळातही आजारी माणसे आजारी राहत होती आणि मंडळीत वैद्याला मान होता. तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू बरा झाला नाहीस, असे पौल त्यांच्यापैकी कुणालाही म्हणत नाही. आज मात्र आजाऱ्याला हेच वाक्य ऐकवले जाते. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाच्या खाटेजवळ उभे राहून ते उच्चारणे हे क्रौर्य आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

महाराष्ट्रातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळींनी प्रार्थना आणि औषध यांत कधी भांडण लावले नाही. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि दक्षिण महाराष्ट्रातून, कर्नाटकातून लोक तिथे येऊ लागले. जालन्याला, नगर जिल्ह्यात वडाळ्याला मिशनची रुग्णालये उभी राहिली. तिथे शस्त्रक्रियेच्या आधी प्रार्थना होई आणि प्रार्थनेनंतर शस्त्रक्रियाही होई.

दावा तपासायला हवा, हा विचारही चर्चमध्ये बाहेरून आलेला नाही. चौथ्या-पाचव्या शतकातले संत ऑगस्टीन सुरुवातीला म्हणत होते की चमत्कारांचा काळ सरला. पुढे त्यांचे मत बदलले, पण बदलले ते नोंदी ठेवून. बरे झालेल्या माणसांकडून त्यांनी लेखी हकिगती घेतल्या, त्या चर्चमध्ये वाचून दाखवल्या, आणि आपल्या हिप्पो शहरात दोन वर्षांहून कमी काळात सत्तरच्या आसपास नोंदी जमल्याचे ‘देवनगरी’ या ग्रंथात लिहिले. त्यांचे पुरावे आजच्या कसोटीला उतरणार नाहीत, पण तपास करायची तयारी त्यांच्यात होती. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तिथे आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी बरे झाल्याचा दावा नोंदवला. डॉक्टरांनी आधीची-नंतरची कागदपत्रे पाहून, वर्षानुवर्षे थांबून, आणि मग बिशपांनी संमती देऊन मान्य झालेले चमत्कार सत्तरीच्या थोडे पुढे आहेत. शंभरातून एक. श्रद्धा असलेल्या लोकांनी स्वतः लावलेली ही चाळणी आहे. व्हॅटिकनने सप्टेंबर २००० मध्ये चंगाईच्या प्रार्थनांबद्दल एक सूचनापत्रच काढले. बिशपांची परवानगी हवी, आणि उन्माद, नाटकीपणा, खळबळ यांना थारा देऊ नये, असे त्यात लिहिले आहे. पौलाने तर करिंथकरांना त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात बजावले की अन्य भाषांत दोघा-तिघांनीच, पाळीपाळीने बोलावे, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे, आणि संदेश देणाऱ्याचे म्हणणे बाकीच्यांनी पारखावे. बाराव्या अध्यायाचा आधार घ्यायचा आणि चौदावा मिटून ठेवायचा, ही बायबलशी प्रामाणिक वागणूक नव्हे.

विज्ञानानेही हा प्रश्न हाताळला आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वांत मोठ्यांपैकी एक. सहा रुग्णालयांतले बायपासचे १८०२ रुग्ण, त्यांतल्या काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. गुंतागुंतीचे प्रमाण घटले नाही. उलट, आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच, ५९ टक्क्यांत, दिसली. यावरून देव नाही असे सिद्ध होत नाही. प्रार्थनेने एकटेपणा कमी होतो, धीर येतो, हे कुठल्याही रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिसते. पण प्रार्थना हे गोळीच्या जागी देण्याचे औषध नाही, एवढे त्या आकड्यांतून नक्की कळते.

घात होतो तो साक्षीच्या घाईने. क्षयरोगात औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते. जंतू मात्र शरीरात असतात, म्हणून उपचार सहसा सहा महिने चालवावे लागतात. नेमक्या याच आठवड्यांत कुणी सभेला गेले, बरे वाटते म्हणून माइकवर साक्ष दिली आणि गोळ्या सोडल्या, तर रोग उलटतो आणि औषधांना दाद न देणारा क्षय घरभर पसरू शकतो. लहानपणी जडणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन सोडले तर काही दिवसांत जिवावर बेतते. फिटची गोळी एकाएकी बंद केली तर न थांबणारे झटके येऊ शकतात. पाठदुखी आणि सांधेदुखी तर आपोआपही कमी-जास्त होते, आणि हजारो लोकांच्या गजरात दोन तास ती जाणवेनाशी होणे यात नवल नाही. म्हणून मंचावर फेकून दिलेली काठी हा पुरावा नव्हे. तीच काठी तो माणूस पुढच्या आठवड्यात वापरतो का, हे कुणीतरी पाहायला जायला हवे.

पण मोठ्या मंचांवर पाहायला जाणारा कुणी नसतो. अमेरिकन प्रचारक बेनी हिन यांची प्रचंड सभा फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. त्याच बेनी हिन यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले की अमुक रक्कम द्या म्हणजे देव आशीर्वाद देईल ही शिकवण चुकीची आहे आणि त्यामुळे पवित्र आत्म्याचा अपमान होतो. मधल्या काळात ज्यांनी पैसे दिले, त्यांचे काय? पंजाबात चंगाईच्या व्हिडिओंमुळे देशभर पोचलेल्या बजिंदर सिंग या पास्टरला मोहालीच्या न्यायालयाने १ एप्रिल २०२५ रोजी बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप सुनावली. एखाद्याच्या हातात दैवी शक्ती आहे असे एकदा मानले की त्याच्या खोलीचे दार ठोठावण्याचे धाडस कुणाला होत नाही. हे ख्रिस्ती पास्टरांपुरते खरे नाही. भगव्या आणि हिरव्या वस्त्रांतल्या बाबांचीही अशी प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत.

तपासणाऱ्याला गप्प करणे हाही यावरचा उपाय नाही. मार्च २०१२ मध्ये मुंबईत इर्ला येथील चर्चबाहेरच्या क्रूसावरच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि गर्दी लोटली. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी जागेवर जाऊन पाहिले आणि तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळातला ओलावा भिंतीतून वर चढल्याचे दाखवले. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना फिनलंडला जावे लागले. ज्यांनी लोकांना सांडपाणी तीर्थ म्हणून पिण्यापासून वाचवले, त्यांचे आभार मानायला हवे होते.

चमत्काराच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी प्राण दिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, पैसे उकळणे हा त्यात गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय १९५४ चा केंद्रीय कायदा कॅन्सर, मधुमेह, फेफरे, बहिरेपणा अशा आजारांवर जादुई उपायांची जाहिरात करायला बंदी घालतो. पण २०१३ च्या त्याच कायद्यात घरी, मंदिरात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये होणाऱ्या आणि कुणाला इजा न करणाऱ्या प्रार्थनेला, उपासनेला स्पष्ट संरक्षणही आहे. हे कलम दोघांनी वाचावे. पास्टरांनी, कारण फसवणूक ही उपासना नाही. आणि रविवारच्या घरगुती प्रार्थनेत घुसून गोंधळ घालणाऱ्यांनीही, कारण आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून देवाची करुणा भाकणे हा गुन्हा नाही. कायदा एकाच धर्माच्या बाबाला लावला तर त्याची धार जाते आणि खऱ्या भोंदूला धर्माच्या मागे लपायला जागा मिळते.

नाशिकच्या चर्चना पुढाकार घेण्याची संधी इथेच आहे. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ पासूनची, कॅथलिक धर्मप्रांत १९८७ पासूनचा, पेंटेकोस्टल मंडळी त्यांच्यानंतर वाढलेल्या. दाने संपली की चालू आहेत यावर त्यांचे एकमत होण्याची गरज नाही. एका गोष्टीवर मात्र त्यांनी या वर्षीच एकत्र बसावे, आणि सोबत शहरातल्या डॉक्टरांना घ्यावे. प्रत्येक चंगाई प्रार्थनेच्या आधी माइकवरून सांगितले जावे की कुणीही औषध बंद करू नये, बरे वाटले तर आधी डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्यावे, आणि साक्ष द्यायची असेल तर आधीचा आणि नंतरचा कागद घेऊन यावे. आजाऱ्याचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय व्हिडिओत येऊ नये. प्रार्थनेच्या वेळी दानपेटी फिरू नये. विश्वास कमी पडला हे वाक्य आजाऱ्याला कुणी ऐकवू नये. दान खरे असेल तर यातल्या एकाही अटीने त्याला धक्का लागत नाही.

इंदिरानगरमध्ये हे पाळणे सोपे आहे. इथे दर चौकात दवाखाना आहे आणि घरात शिकलेले कुणी तरी असते. खरी कसोटी सुरगाण्याला, पेठला, कळवणच्या पाड्यांवर आहे. तिथे दवाखान्यापर्यंत पोचायला कित्येकदा वाहन मिळत नाही, आणि पावसाळ्यात सर्पदंश नेहमीचा. अशा ठिकाणी दारात येऊन प्रार्थना करणारा माणूस हाच कित्येकदा आजाऱ्याची विचारपूस करणारा पहिला माणूस असतो, आणि त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो तो उगाच नाही. म्हणून माइकवरून द्यायची ती सूचना तिथे कोकणीत आणि भिलीतही दिली जावी. पाड्यांवर जाणाऱ्या प्रत्येक पास्टरला सर्पदंशाचा प्रथमोपचार शिकवला जावा. दंशाची जागा कापायची नाही, करकचून बांधायची नाही, माणसाला हलू द्यायचे नाही, आणि प्रार्थना सुरू करण्याआधी १०८ ला फोन लावायचा. फोन लागत नसेल तर गाडी शोधायची, आणि प्रार्थना त्या गाडीत बसून करायची.